हात न लावलेला सांधा

सयाजीचं पत्र भिलाईहून आलं ते १९५६ च्या डिसेंबरात. निळं अंतर्देशीय पत्र, वर माझं नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘चिंचवड, जिल्हा पुणे’. अक्षर त्याचं स्वतःचं होतं. दीड वर्षापूर्वी या माणसाला नाव लिहिता येत नव्हतं, अंगठा उठवायचा. नाव लिहायला मीच शिकवलं होतं. पत्रात तिथली थंडी होती, कामाच्या पाळ्या होत्या, खोलीतले सोबती होते, माझ्या पत्नीला, रुक्मिणीबाईंना, नमस्कार होता. आणि शेवटी हे होतं:

‘गुरुजी, तुमचे वेल्डिंगचे सांधे मी मागून दुरुस्त करत होतो हे खरं आहे. पण एक सांधा मी हात न लावता तसाच ठेवला. त्याला गरज नव्हती. कोणता ते विचारलंत तर कळवीन.’

मी विचारलं नाही. सव्वादोन वर्षं ते पत्र माझ्या उशाखाली, मग शब्दकोशात, मग पुन्हा उशाखाली राहिलं. उत्तर मी मनात पुष्कळदा लिहिलं, पण कागदावर नाही.

मी चिंचवडच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होतो. माझ्या हातून आयुष्यात एकही वस्तू झाली नव्हती. भिंतीत खुंटी ठोकली तर ती वाकडी, आणि तिच्यावर टांगलेली पिशवी दुसऱ्या दिवशी खाली. पुस्तकं मात्र कसलीही वाचायचो. निवृत्त झाल्यावर वाटायला लागलं की एक तरी गोष्ट अशी असावी, जी आपल्या हातानं जोडली आणि जोडलेली राहिली. हे मी कुणाला बोललो नव्हतो. साठीला आलेल्या माणसानं असं बोलणं बरं दिसत नाही.

आमच्या घराच्या कडेला पत्र्याचं एक गॅरेज आहे. लढाईच्या काळात एका कंत्राटदारानं लॉरी ठेवायला ते बांधलं, आणि लढाई संपल्यावर लॉरी घेऊन तो निघून गेला. त्यात मी जुनी मासिकं ठेवायचो आणि माझी पत्नी रुक्मिणीबाई गोवऱ्या ठेवायची. १९५५ च्या उन्हाळ्यात सयाजी आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. बीडकडचा, तिशीतला, पिंपरीच्या नव्या कारखान्यांच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे वेल्डर. संध्याकाळी तो माझ्याकडे वाचायला शिकू लागला. मी त्याच्या वहीतली एकही चूक सोडली नाही. लाल पेन्सिलीनं वही भरून जायची. तो म्हणायचा, “गुरुजी, ही वही माझी हाय का तुमची?” आणि तीच ओळ पुन्हा लिहायचा.

एकदा त्यानंच गॅरेजकडे बघत म्हटलं, “इथं एक मशीन बसवलं तर रविवारी गावची कामं करता येतील. मशीन तुमचं, हात माझा.”

“आणि मला शिकवशील?” मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण रुक्मिणीबाई आतून बाहेर आली.

“तुमाला?” सयाजीनं माझ्या हातांकडे पाहिलं. “शिकवतो की.”

मशीन कोणतं घ्यायचं याचा अभ्यास मी दोन महिने केला. पुण्याच्या वाचनालयातून वेल्डिंगचं इंग्रजी पुस्तक आणलं, शब्दकोश घेऊन बसलो, टिपणं काढली. गॅसचं घ्यावं तर कार्बाइडचे डबे आणि सिलिंडर पुण्याहून वाहून आणायचे, शिवाय त्या कार्बाइडचा वास असा की रुक्मिणीबाई म्हणाली, “तो वास आला तर मी माहेरी.” विजेच्या मशीनमध्येही दोन प्रकार. एक मोटारीवर फिरणारं, फार मोठं आणि खर्चिक. दुसरं तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे एक पत्र्याची टाकी, आत तांब्याची वेटोळी आणि वर करंट कमीजास्त करायचं चाक. एका परदेशी मासिकात मला एक तिसराच प्रकार सापडला. त्यात जळून संपलेली सळई हातानं बदलावीच लागत नाही. रिळावरची तार पिस्तुलासारख्या नळीतून आपोआप पुढे सरकते आणि भोवती गॅसचा झोत असतो, म्हणून सांध्यावर सळईच्या लेपाची जळकी पपडीसुद्धा धरत नाही. मी ते चित्र सयाजीला दाखवलं.

“म्हणजे रॉड संपायचाच न्हाई?”

“नाही.”

“मग बिडी कधी ओढायची, गुरुजी?”

ते मशीन आपल्याकडे कुठं मिळतं हे पुण्यात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून तेलाचा ट्रान्सफॉर्मर आणला. तिथं मी जन्मात पहिल्यांदा एखाद्या दुकानदाराशी ताठ मानेनं बोललो. पुस्तकात लिहिलं होतं की जुन्या तेलात पाणी शिरलेलं असतं. ते ओळखायला खिळा लाल करून तेलाच्या नमुन्यात बुडवावा, चरचरला तर तेल खराब. मी वाटी आणि खिळा पिशवीतून नेला होता. दुकानदार म्हणाला, “आजोबा, मशीन घ्यायला आलात का भजी तळायला?” पण शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत खिळा तापवला आणि तेल चरचरलं. दुकानदाराला नवं तेल भरून द्यावं लागलं. सयाजी बैलगाडीत माझ्या शेजारी बसून येताना रस्ताभर तीच गोष्ट सांगत होता. भेटेल त्याला.

मांडणी करताना मात्र पुस्तक आणि सयाजी यांचं फारसं जमलं नाही. केबल किती जाड हवी याचं गणित मी पानभर केलं. सयाजी म्हणाला, “हात लावून बघायचं. गरम लागली की जाड घ्यायची.” दोन्ही रीतींनी उत्तर एकच आलं, याचा मला गणितापेक्षा जास्त आनंद झाला. अर्थिंगसाठी गॅरेजमागं पुरुषभर खड्डा खणला, त्यात नळ पुरला, भोवती मीठ आणि कोळसा भरला. खड्डा ओला राहावा म्हणून रोज त्यात कळशीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं. सळया दमट झाल्या तर सांध्यात भोकं पडतात, म्हणून मी त्या चुलीवरच्या फळीवर ठेवल्या. रुक्मिणीबाईनं पापडांचा डबा हलवून जागा करून दिली, पण बोलायची ती बोललीच. “लोकांच्या घरात उतरंड असते. आमच्याकडे लोखंड.”

पॉवरची लाइन मिळायला उशीर होता. आम्हाला धीर नव्हता. सयाजीनं एकदा घरच्या दिव्याच्या लाइनवरच जोडून पाहिलं. सळई टेकताच गल्लीतले दिवे मंदावले आणि शेजारच्या शालनबाई दारातून ओरडल्या, “गुरुजी, तुमी पुस्तक उघडलं का? आमचा दिवा मान टाकतोय!” त्यानंतर लाइन येईपर्यंत थांबलो. खंडेनवमीला रुक्मिणीबाईनं टाकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, आणि दुसऱ्याच आठवड्यात लाइन आली.

आता शिकायचं. काळ्या काचेतून काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा फक्त एक हिरवट ठिणगी आणि तिच्यापुढं वितळलेल्या लोखंडाचं तळं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते तळं पुढं न्यायचं. घाई केली तर ते नुसतं वर बसतं, रेंगाळलं तर लोखंडाला भोक. पहिल्या दिवशी माझी सळई लोखंडाला चिकटली ती सुटेचना. सयाजी म्हणाला, “जीव जडला तिचा.” त्या रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालं, रुक्मिणीबाईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. पण महिन्याभरानं माझी सळई चालू लागली. वेडीवाकडी, पण चालू लागली. सांधा संपवताना माझा हात आपोआप डावीकडे झुकायचा आणि शेवटाला एक बारीक शेपूट निघायची. सयाजी म्हणाला, “ही तुमची सही.”

मग गावातले लोक कामं घेऊन यायला लागले. कुणाचा फाळ, कुणाची कडी, रंगरावांच्या बैलगाडीचा लोखंडी दांडा. आमच्या गावचा लोहार धर्माजी माझा बालमित्र. त्याच्या पोटावर पाय येईल म्हणून मी धास्तावलो होतो, पण तोच पहिल्यांदा आला, स्वतःच्या भात्याचा मोडलेला लोखंडी दांडा घेऊन. “तुमच्या हातचा असू द्या,” म्हणाला. मी रविवारी सकाळी जोडायचो, आणि सयाजी म्हणायचा, “राहू द्या हितंच. थंड होऊ द्या. उद्या माल देऊ.” संध्याकाळी मी फिरायला निघालो की तो मागं गॅरेजातच राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी माल घरी जायचा. रस्त्यानं जाताना लोक हाक मारायचे, “गुरुजी, तुमचा सांधा दगडावाणी हाय!” मी मान खाली घालून चालायचो, पण ऐकायचो. जेवताना दोन भाकऱ्या जास्त खायचो. एकूण एकतीस सांधे झाले. कुठं काय जोडलं ते मला आजही सांगता येईल.

१९५६ च्या ऑगस्टात एका सोमवारी मी पुस्तक परत करायला पुण्याला निघालो. स्टेशनापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, पुस्तक घरी गादीवरच राहिलं. परत फिरलो. दुपार होती. त्या दिवशी सयाजीला सुट्टी होती हे मला माहीत होतं. गॅरेजातून छिन्नीचे घाव ऐकू येत होते. पत्र्याच्या फटीतून पाहिलं, तर धर्माजी चिमट्यानं एक फाळ धरून बसला होता, आणि सयाजी त्यावरचा माझा कालचा सांधा छिन्नीनं काढत होता.

“आज गुरुजींनी काय वाढलंय?” धर्माजी म्हणाला.

“शिरा. छिन्नी टेकली की सुटतोय बघा.”

“गोड हाय का?”

दोघं हसले. धर्माजीचं हसणं मी पन्नास वर्षं ऐकत आलोय. हसताना तो मांडीवर थाप मारतो. तशी मारली.

“आन् शेवटाला त्यांची शेपटी काढाया इसरू नगंस,” धर्माजी म्हणाला. “मागल्या बारीला इसरलास. रंगराव म्हनला, ह्यो गुरुजींचा न्हवंच.”

“काढतो की. तिलाच जास्त टाइम लागतो. एवढं वाकडं वेल्डिंग मारणं सोपं न्हाई, धर्माजीभाऊ.”

मग निळा उजेड पडला आणि मी नजर वळवली.

घरात गेलो. रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होती. “गाडी चुकली?”

“पुस्तक राहिलं.” ते उचललं आणि उभाच राहिलो. “सयाजी माझे सांधे पुन्हा करतो. तुला ठाऊक होतं?”

तिचे हात थांबले. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही. “हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही इतके खुशीत जेवत होता,” ती म्हणाली.

त्या दुपारी तिच्याकडून मला कळलं ते असं: सयाजीला ठाऊक होतं, धर्माजीला ठाऊक होतं, रंगरावांना, शालनबाईंना, माल घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ज्या घरात मी राहत होतो त्या घरालाही ठाऊक होतं. रस्त्यातल्या त्या हाका सगळ्या ठरवून मारलेल्या. चुकीचं काम चुकीचं म्हणून सांगितलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, पण मी सरावलेला माणूस आहे. चुका मोजणं हेच माझं काम होतं. त्यांनी माझी सहीसुद्धा केली होती. ती शेपूट.

मी सयाजीला काही बोललो नाही. मला बोलता येत नाही. संध्याकाळी तो वही घेऊन आला तेव्हा म्हटलं, आज नको. दुसऱ्या दिवशीही नको. गॅरेजला कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी तो उंबऱ्याशी उभा राहिला.

“गुरुजी, त्या दिवशी तुम्ही परत आलता का?”

“हो.”

“मग बोला की. शिव्या द्या. पायताण घ्या हातात.”

मी म्हणालो, “अर्थिंगमध्ये आज पाणी घालायचं राहिलंय.”

तो कळशी घेऊन गेला, पाणी घालून आला, आणि परत तिथंच उभा राहिला. “तुमाला वाईट वाटू नये म्हणून केलं, गुरुजी.”

मी तुझ्या वहीतली एक तरी चूक खोटी बरोबर केली होती का, हे मी त्याला विचारायला हवं होतं. नंतर शंभरदा विचारलं, तो समोर नसताना. त्या वेळी फक्त आत गेलो. पंधरा दिवसांनी ठेकेदारानं भिलाईला माणसं पाठवली, त्यांत त्यानं आपलं नाव घातलं. जाताना पाया पडला. मी पाठीवर हात ठेवला नाही. धर्माजी रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर तंबाखू मळायला यायचा. तो आला की मी उठून दार लावून घ्यायचो. आठवड्यानं तो येईनासा झाला.

मग पत्र आलं. एक सांधा हात न लावलेला.

ते वाचल्यावर मला झोप लागेना. एकतीसपैकी एक. कोणता? घरात माझे तीन होते: फाटकाची कडी, चुलीवरची तिवई, पाण्याच्या हंड्याची घडवंची. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे की सांधा बाहेरून पाहून कळत नाही, तो मोडूनच पाहावा लागतो. मी तिन्ही मोडले. तिन्ही आतून एकसारखे, करड्या बारीक दाण्याचे, निर्दोष. तिन्ही सयाजीचे. रुक्मिणीबाई बघत होती. म्हणाली, “आता काय फोडणार? पोळपाट लाकडाचा आहे म्हणून वाचला.”

लोकांच्या वस्तू मला फोडता येत नव्हत्या. एकदा धीर करून रंगरावांकडे गेलो आणि गाडीचा दांडा बघू का म्हणालो. ते गाडीखाली माझ्याबरोबर वाकले. “लई भारी हाय, गुरुजी, तुमचा सांधा! देवाशप्पथ!” अजूनही. माझ्या तोंडावर. मी ‘बरं’ म्हणून घरी आलो.

सयाजीला विचारणं सोपं होतं. एक कार्ड, एक ओळ. पण पत्रातली ती शेवटची ओळही मला वाईट वाटू नये म्हणूनच लिहिली असली तर? त्यानं कुठल्यातरी सांध्याचं नाव कळवलं असतं, मी तो मोडला असता, आणि आत करडा बारीक दाणा निघाला असता. मग माझ्याकडे एकही उरला नसता. न विचारता निदान एक होता. मी घाबरट माणूस आहे. सव्वादोन वर्षं असा एक सांधा बाळगून बसलो.

यंदाच्या फेब्रुवारीत, सकाळी नवाच्या सुमाराला, धर्माजी फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात त्याच्या भात्याचा दांडा होता, दोन तुकड्यांत. मी ओट्यावर वाचत बसलो होतो. उठून आत जाणार होतो, पण तो म्हणाला, “गुरुजी, दार लावा नंतर. आधी ह्ये बघा.”

त्यानं दोन्ही तुकडे माझ्यापुढं ओट्यावर ठेवले.

“काल मोडला. मी भट्टीत घालून जोडून घीन, ते काय न्हाई. पर तुमी बघावं आसं वाटलं.”

मी वाचायचं भिंग आणलं. दांडा बरोबर सांध्यावर मोडला होता. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग करडा होता, दाणेदार, तुटण्याआधी दोन्हीकडचं लोखंड एक झालेलं. उरलेल्या अर्ध्यात काळी काचेसारखी पपडी भरलेली, आणि एक पोकळी, तीत मुंगी राहील एवढी. सयाजीच्या हातून असं होणं शक्य नव्हतं. त्यानं सांध्यात पपडी कधी ठेवली नाही. हा माझा होता.

“निम्मा धरलाय,” धर्माजी माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. “निम्मा नुसता टेकलाय.”

मी भिंग खाली ठेवलं नाही. माझ्या कामाबद्दल कुणी खरं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“सयाजीनं लिहिलं होतं, याला गरज नव्हती.”

“त्याला भायेरनं बरा दिसला आसंल. शिकलेला गडी बी फसतो.” तो ओट्याच्या कडेला बसला. “तीन वरसं वढला मी ह्यो. दिसातनं हजार बारी. वाईट हाय, गुरुजी. पर अगदीच शिरा न्हाई.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्या दुपारी मी परत आलो होतो हे त्याला सयाजीनं सांगितलं होतं. मी काय ऐकलं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

“त्ये बी ऐकलंसा व्हय?”

“सगळं.”

त्यानं दांड्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला.

“हसलो त्ये चुकलं,” तो म्हणाला. “त्येच्यासाठी पाया पडतो. पर सांधं काढलं त्ये चुकलं न्हाई. रंगरावाची गाडी पोराबाळांनी भरून आळंदीला जाती. त्यो दांडा तुमच्या सांध्यावर सोडाया पायजे हुता काय?”

हे मला सुचलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. मी फक्त माझा सांधा मोजत होतो. त्यावर कोण बसणार हे मी मोजलं नव्हतं.

“मग मला सांगायचं होतंस,” मी म्हणालो. “मी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नसता. भंगारावर शिकलो असतो. वर्षभर शिकलो असतो.”

“तुमाला सांगायचं? निम्म्या गावाच्या हातावर तुमची छडी बसल्याली. मास्तराची चूक काढायची आमी?”

“मी कधी कुणाला खोटं चांगलं म्हटलं नाही, धर्मा.”

“न्हाई म्हनला,” तो म्हणाला. “म्हनूनच भ्या वाटायचं.”

तो उठला. दांड्याचे तुकडे तिथंच राहू दिले. फाटकापाशी थांबून म्हणाला, “संध्याकाळी येऊ का न्हाई, त्ये बी सांगा. आता सारखं खरंच बोलायचं आसंल तर.”

“ये,” मी म्हणालो. “पण राग गेलेला नाही.”

“आसूं द्या की. माज्या तंबाकूला काय हुतंय त्यानं.”

दुपारी रुक्मिणीबाई आडवी झाल्यावर मी पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. एकात मी फार मोठ्या मनाचा झालो होतो, ते खरं नव्हतं. दुसऱ्यात फक्त तक्रार होती. बाकीचे दोन असेच. शेवटी जे राहिलं ते असं:

‘चि. सयाजीस आशीर्वाद. तुझं पत्र तेव्हाच पोचलं होतं. उत्तर दिलं नाही कारण राग होता. अजून आहे. तू आणि धर्माजी हसलात ते मी फटीबाहेर उभा राहून ऐकलं, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो. माझे सांधे तू काढलेस ते बरोबर केलंस. तिथं लोकांचा जीव होता. मला न सांगता काढलेस ते बरोबर केलं नाहीस. माझ्या शेपटीची नक्कल केलीस ते तर मुळीच नाही.

कोणता सांधा ते आता कळवू नकोस. भात्याचा दांडा काल मोडला. निम्म्यात पपडी होती. गरज नव्हती असं तू लिहिलंस, पण गरज होती, तुझं बघणं चुकलं. तिथं मोठी कामं असतील, बाहेरून पाहून पास करत जाऊ नकोस.

मशीन बंद आहे. टाकीतलं तेल पुन्हा तपासावं लागेल. सुट्टीवर आलास तर मी भंगारावर सांधा मारीन, तू तो माझ्यासमोर मोड, आणि आत काय दिसतं ते मला सांग. सौ. बाईंचा आशीर्वाद.’

वाचून पाहिलं. ‘मुळीच नाही’ जरा कठोर वाटलं. खोडावं की नाही यात पाव तास गेला. राहू दिलं.

पोस्टाची पेटी चौकात आहे. मी चप्पल घातली तेव्हा रुक्मिणीबाई जागी झाली. कुठं निघालात म्हणाली. पत्र टाकायला, म्हणालो. कुणाला ते तिनं विचारलं नाही, फक्त उठून बसली. वाटेत रंगराव भेटले आणि त्यांनी नेहमीची हाक मारली. मी थांबलो आणि म्हणालो, “रंगराव, तो सांधा सयाजीचा आहे. म्हणून दगडासारखा आहे.” मी पुढं गेलो.

पेटीपाशी पत्ता पुन्हा एकदा वाचला, डिंक नीट लागलाय का पाहिलं आणि पत्र आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून पेटीच्या अंगावर दोनदा थाप मारली. मग घरी आलो.